तुम्ही न केलेली पापं

अहो, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला. करुणा आणि जावई सकाळच्या गाडीने परत गेले, लेकरांच्या परीक्षा आहेत म्हणे. जाताना करुणा पुन्हा पुन्हा म्हणत होती, आई, चार दिवस चल तिकडे. मी म्हटलं, तू जा, मला तुझ्या बापाशी बोलायचंय. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की आईचं डोकं फिरलं की काय. फिरलेलं नाही. उलट किती वर्षांनी ठिकाणावर आलंय.

तुम्ही होतात तेव्हा बोलणं व्हायचंच कुठं? मी तोंड उघडलं की तुम्हाला दुकानात दुरुस्तीला आलेली कुणाची तरी विहिरीवरची मोटर आठवायची. "ती पाच एचपीची तशीच पडून हाय, उद्या न्यायला येतील लोक," असं म्हणत चप्पल शोधायला लागायचात. आता मोटर नाही आणि चप्पलही नाही. ऐकून घ्या.

पहिली गोष्ट, मला तुमच्यावर राग नाही. होता. तुम्हाला पांढरा शर्ट घालून पेटीत निजवलं तेव्हाही होता. मी रडत होते आणि चिडलेलीही होते, आणि ही दोन कामं एका वेळी करणं फार अवघड असतं हो. पुसेगावच्या त्या कमलला तुम्ही त्या दिवशी काय सांगितलंत, खरं की खोटं, एवढ्या एकाच गोष्टीचा राग. तो आता गेला. कसा गेला ते सांगते, पण आधी मला सगळं पहिल्यापासून म्हणू द्या. तुमच्या तोंडावर ते सबंध कधी म्हणताच आलं नाही.

तुमची मूळची साक्ष किती साधी होती! आपल्या चर्चमध्ये गाणी झाली की पास्टर विचारायचे, कुणाला साक्ष द्यायचीय का. मग कुणीतरी उठायचं आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असायचा, कुणाचं पोरगं घरी परत आलेलं, कुणाची दारू सुटलेली. तुम्ही उठायचात आणि म्हणायचात, "मी विश्वासणाऱ्यांच्या घरात जन्मलो. लहानपणापासून प्रभूनं सांभाळलं. धंदा चालू हाय. बायको-लेकरू बरं हाय. आमेन." आणि बसायचात. कुणी हल्लेलुया म्हणत नव्हतं. मागच्या बाया तेवढ्यात आपापल्या लेकरांची नाकं पुसून घ्यायच्या.

मला ती साक्ष आवडायची. तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते. तीत एक शब्द वावगा नव्हता. दुकानातही तुम्ही तसेच होतात. शेतकरी जळालेली मोटर घेऊन यायचा आणि कंपनीला शिव्या घालायचा. तुम्ही कव्हर खोलायचात, वास घ्यायचात आणि म्हणायचात, "कंपनीला काहून नावं ठेवता? लाइट डिम असताना चालवली तुमी. जळणारच." गिऱ्हाईक रागावून दुसऱ्या दुकानात जायचं आणि पुढच्या हंगामात निमूट तुमच्याकडेच यायचं. मोटरीत भरायच्या तांब्याच्या तारेत तुम्ही कधी कुणाला फसवलं नाही, हे अख्ख्या हिंगोलीला माहीत होतं.

मग त्या तंबूतल्या सभा झाल्या. तेव्हा हिंगोली परभणीतच होती, जिल्हा व्हायचा होता. बाहेरून मोठे उपदेशक आले होते, दोन-दोन भोंगे, माणूस मावत नव्हतं. तुमच्या आधी एका माणसाने साक्ष दिली. वाटमाऱ्या करायचा म्हणे, चाकू घेऊन हिंडायचा, आणि एके दिवशी प्रभूने त्याला धरलं. लोक ढसाढसा रडत होते. आणि त्याच्यानंतर उठलात तुम्ही! "मी विश्वासणाऱ्यांच्या घरात जन्मलो. धंदा चालू हाय." उपदेशकांनी तुमच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने माइक काढून घेतला.

घरी आलात, जेवला नाहीत. म्हणालात, "माझ्याकडं सांगण्यासारखं काहीच न्हाई का गं?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "काहून? दरोडा घालायचा हुता का तुमाला?"

तुम्ही हसला नाहीत. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, की हे प्रकरण पुढे जाणार.

कनेरगाव नाक्याला एका ढाब्याच्या मागे प्रार्थना होती. ट्रकवाले, ढाब्यावरची पोरं, चार घरचे विश्वासणारे. मी करुणाला मांडीवर घेऊन बसले होते. तुम्ही उठलात, खाकरलात आणि म्हणालात, "भावांनो, मी बी प्यायचो." माझ्या हातातलं बिस्किट खाली पडलं. तुम्ही प्यायला होतात, हे खरं. माझ्या मामेभावाच्या लग्नात अर्धा ग्लास, तोही पोरांनी पैज लावली म्हणून. स्वतःच्या नव्या बुटांवर ओकलात आणि दुसऱ्या दिवशी घरभर माफी मागत फिरलात. एवढीच तुमची दारू. पण त्या लोकांना काय माहीत? मागून कुणीतरी जोरात हल्लेलुया म्हणालं आणि तुम्ही मान वळवून पाहिलंत. शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखं तोंड झालं होतं तुमचं.

तिथून पुढे विचारूच नका. अर्ध्या ग्लासाची बाटली झाली. एका लग्नातली दारू रोजची झाली. तुम्ही गटारीत पडू लागलात, भांडी विकू लागलात. आपली भांडी! मी ती रोज घासत होते. लोक बोलवायला यायचे, आमच्या गावाला या, आमच्याकडे पिणारे फार आहेत. शनिवारी दुकानाचं शटर लवकर पडायचं आणि तुम्ही धुतलेला शर्ट घालून निघायचात. शब्बीरभाई शेजारच्या दुकानातून ओरडायचे, "दानिएलभाई, तुम पीते कब थे? बाजू में बैठा हूं, मेरेकू तो कभी दिखे नहीं!" तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात.

आणि जवळा बाजारला तुम्ही मला मारलंत.

बाजाराचा दिवस, गर्दी चिक्कार. मी बायांमध्ये सतरंजीवर. तुमचा आवाज भरून आला होता. "ही बसली माझी बायको," तुम्ही माझ्याकडे हात केलात, "हिला मी किती मारलं, ते त्या देवाला म्हाईत." सगळ्या बाया वळून माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या कपाळावर खूण आहे ना, लहानपणी उखळावर पडले होते ती. एका म्हातारीने तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "लई सोसलं गं माय." मी काय बोलणार? बायांनी साक्ष देऊ नये असं कुणी म्हणत नव्हतं, पण भर सभेत नवऱ्याला खोटं पाडायला जीभ उचलत नव्हती. ती म्हातारी प्रार्थना संपेपर्यंत माझा हात धरून बसली होती. तिचा हात खरा होता, तिचं दुःख खरं होतं. फक्त मला ते लागू नव्हतं.

घरी पोचलो. दार लावलं आणि म्हटलं, "मी कवा खाल्ला तुमचा मार?"

"अगं, साक्ष हाय ती."

"साक्ष म्हंजे घडलेलं सांगायचं. न घडलेलं सांगतात त्याला काय म्हणतात?"

तुम्ही खुर्चीवर बसलात. तुमच्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हतं, हे मी तेव्हाही मनात मान्य केलं होतं. तुम्ही म्हणालात, "प्रभूनं काय शिकवलं? मनात राग धरला तरी ते पापच. मनातलं आन् हातातलं, त्याच्यापुढं बराबरच. मी मनात तुला मारलं असंल की न्हाई कधी?"

मी म्हटलं, "मारलं असंल. मंग मनातल्या मनात साक्ष द्या!"

करुणा तिकडून काही न कळताच खुदकन हसली. तुम्ही मात्र चिडलात. म्हणालात, माझ्या बोलण्यानं माणसं सुधरून राहिलीत, त्या अमक्याने बाटली फोडली, तमका बायकोला घेऊन उपासनेला यायला लागला, आणि तुला हिशोबाच्या गोष्टी सुचतात. देवाचं नाव मोठं होतंय ना? मग झालं.

हे भांडण आपलं वर्षानुवर्षं चाललं. जेवताना चाललं, बसस्टँडवर चाललं, नाताळच्या करंज्या तळताना चाललं. पोरीलाही त्याची झळ लागली. शाळेत कुणीतरी तिला म्हणालं, तुझा बाप बेवडा होता ना? ती रडत घरी आली आणि तुम्हालाच विचारायला लागली, "पप्पा, तुमी आईला मारत हुता?" तुम्ही तिला जवळ घेतलंत आणि म्हणालात, "ते जुनं हाय बेटा, प्रभूनं माफ केलं." अहो, स्वतःच्या लेकरालासुद्धा! मी तिला खरं सांगितलं, तर तिला वाटलं, आई बापावर पांघरूण घालतेय. त्या दिवशी मी ताटं आपटली, आठवतंय का?

त्यानंतर एका रविवारी मी तुम्हाला माझं म्हणणं नीट सांगितलं. ते तरी तुम्ही पूर्ण ऐकलंत, कारण लाइट गेली होती आणि दुकानात काम नव्हतं. मी म्हटलं, "आपला प्रभू क्रूसावर चढवायच्या आधी सुभेदारापुढं उभा केला. बांधलेला, मार खाल्लेला. तो सुभेदार त्याला विचारतो, सत्य म्हंजे काय? तेवढ्या येळला एक लहानसं खोटं बोलला असता, तर सुटला असता. मी राजा-बिजा काही न्हाई, लोकांनी उगं उठवलं, एवढं म्हणायचं. म्हणाला का? न्हाई म्हणाला. मेला, पण न्हाई म्हणाला. जो आपला जीव वाचवायला खोटं बोलला न्हाई, तो आपलं नाव मोठं करायला तुमाला खोटं बोलायला लावंल का हो? सत्य म्हंजे काही उपदेश न्हाई, सत्य म्हंजे तोच हाय. तुमी खोटं बोलता, तवा ते त्याच्या तोंडावर बोलता."

तुम्ही बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हर हातात फिरवत बसलात. मग लाइट आली आणि तुम्ही उठून गेलात. पुढच्याच शनिवारी पुसेगावला गेलात आणि तिथं मला पुन्हा मारलंत.

पुसेगावच्या त्या सभेतच कमल होती.

ती आपल्याकडे आली ती दुपार मला लख्ख आठवते. कडेवर पोरगी, डोळ्याखाली काळंनिळं, एक हात पदरात लपवलेला. दारातच बसली, आत येईना. तुम्हाला म्हणाली, "भाऊ, तुमी आमच्या गावात बोलले तवा मी हुते." मग माझ्याकडे वळली. "वैनी, तुमी किती वर्सं सोसलं? तेवढं सांगा मला. तेवढं मी बी सोसते. मंग माझा मालक बी असाच होईल ना भाऊसारखा?"

अहो, ती बाई तुमच्या गोष्टीवर विसंबून मार खात होती. नवरा तुमच्यासारखा बदलेल, असा एखादा दिवस उगवेल म्हणून. तुम्ही जे कधी केलंच नाही, ते संपायची वाट ती बघत होती. आणि ते संपायच्या आधी तिच्या नवऱ्याने तिला मारून टाकलं असतं तर?

मी तुमच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "तुमी सांगता का मी सांगू?"

तुमचा चेहरा उतरला होता. म्हणालात, "मी सांगतो. तू च्या ठेव."

मी चहा घेऊन बाहेर आले, तर दारात कुणी नव्हतं. समोरची बाई म्हणाली, दोघं बसस्टँडकडे गेले. चहा निवला. तुम्ही परत आलात ते थेट दुकानात शिरलात. मी मागोमाग आले. "काय सांगितलं तिला?"

"प्रार्थना केली."

"खरं सांगितलं का?"

"प्रार्थना केली म्हणलं ना. आता तो विषय बंद." आणि तुम्ही मोटर उघडून तिच्यात तोंड खुपसलंत.

मी काय समजायचं? मी समजले, की तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला परत त्या घरात पाठवलंत. पुढे कधीतरी पुसेगावचा एक शेतकरी आला. तुम्ही जेवायला आत होतात. मी त्याला कमलचं विचारलं, तर तो इकडे तिकडे बघत म्हणाला, "ती आता न्हाई तिथं." न्हाई म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. माझ्या डोळ्यांपुढे एक विहीर आली आणि ती कडेवरची पोरगी आली. तुम्हाला मी हे बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असतात, त्याची मला भीती होती.

त्यानंतर तुम्ही साक्ष देणं सोडलंत. बोलावणी आली की घशाला हात लावायचात, आवाज बसलाय म्हणायचात. चर्चमध्ये पार मागे, दाराजवळ बसायला लागलात. पुढे हिंगोली जिल्हा झाली, नवे पास्टर आले, भारनियमनाने लोकांच्या मोटरी जळू लागल्या आणि तुम्हाला मान वर करायला फुरसत राहिली नाही. मला वाटायचं, हा माणूस कमलचं ओझं घेऊन बसलाय. बरं झालं, बसू दे, असंही वाटायचं. तुमचं जेवण, तुमचे कपडे, तुमची रक्तदाबाची गोळी, कशात मी कमी केलं नाही. पण तुमच्याशी हसून बोलायला गेले की मध्ये ती दारात बसलेली बाई यायची.

आणि तुम्ही गेलात, दुकानातच, हातात टेस्टर घेऊन. शब्बीरभाईंनी तुम्हाला उचललं. ते अजून येऊन बसतात, पाणी पितात आणि जातात.

आता मयतीचं सांगते. तुम्हाला पाहता आलं नाही म्हणून.

करुणा यायची होती म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी ठरलं. अंगणात पेटी, मंडप, सगळं चर्च जमलेलं, मोहल्ल्यातले लोक, तुमची गिऱ्हाइकं. नवे पास्टर उठले. बिचारे तरुण आहेत, तुमची साक्ष त्यांनी जुन्या लोकांकडून ऐकलेली. त्यांनी आवाज लावला, "आपला हा भाऊ एके काळी मोठा दारुडा होता. या आपल्या भगिनीला तो मारत असे." मी पेटीची कड धरली. मला वाटलं, आता हेच तुमच्याबरोबर मातीत जाणार. करुणाची लेकरं समोर बसली होती, आपल्या आजोबाकडे डोळे मोठे करून बघत होती. एक भला माणूस, ज्याने जन्मात बायकोवर हात उगारला नाही, तो बायकोला मारणारा म्हणून पुरला जाणार, आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने करून ठेवलेलं. मला तुमचं इतकं वाईट वाटलं, आणि इतका राग आला!

पास्टरांनी विचारलं, भावाबद्दल कुणाला साक्ष द्यायचीय का? तर मागून एक बाई उठली. भरलेल्या अंगाची, स्वच्छ निळं लुगडं, बरोबर एक उंच मुलगी. मी ओळखलं नाही. ती सरळ पेटीपाशी आली, तुमच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "पास्टरसाहेब, माफ करा, पण तुमी म्हणता ते खोटं हाय. या माणसानं बायकोला कधी मारलं न्हाई. मला त्यांनी सोता सांगितलं."

अहो, ती कमल होती.

जिवंत! विहीर नाही, काही नाही. समोर उभी. मी करुणाचा हात धरला. मी तिच्या त्या उंच मुलीकडे बघत राहिले, कडेवरच्या पोरीचं एवढं झालं होतं!

ती सांगत होती. बसस्टँडवर तुम्ही तिला म्हणालात, "बाई, मी खोटं बोललो. मी कधी हात उचलला न्हाई, तर मार कसा थांबतो हे मला काय म्हाईत? माझ्या गोष्टीच्या भरवशावर तू जीव देऊ नको. प्रभू तुझ्या मालकाला बदलंल तवा बदलंल. पण तोवर तू मार खात बसावं, असं त्यानं कुठंच सांगितलं न्हाई." आणि तुम्ही रडलात म्हणे. "मार खाल्लेली मी," कमल म्हणाली, "आन् रडत हुते भाऊ. लोक बघून राहिले हुते." मग पुसेगावची गाडी लागलेली असताना तुम्ही तिला औंढ्याच्या गाडीत बसवलंत, जवळा बाजारला तिच्या भावाकडे. भावाला समजावायला मागून स्वतः जाऊन आलात. मला म्हणाला होतात, वायर आणायला चाललो! तिचा नवरा शोधत फिरत होता, म्हणून तिनेच तुम्हाला गळ घातली, की कुठं गेले ते कुणाला सांगू नका. आता ती तिथं खानावळ चालवते. तिथलाच एक जण आदल्या दिवशी मोटर घेऊन आला, शटर बंद पाहून परत गेला आणि त्याच्याकडून तिला कळलं.

"मी म्हणलं हुतं," कमल पदराने डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, निदान वैनीला तरी सांगा. तर म्हणाले, तिला तर मुळीच न्हाई. ती जन्मभर म्हणत बसंल, मी म्हणतच होते."

 आणि मग शब्बीरभाई फुसकन हसले. मग करुणा. मग मी. अहो, तुमच्या पेटीपाशी पदर तोंडात कोंबून मी हसत होते, आणि डोळ्यांतून नुसतं पाणी. सगळ्या चर्चने बघितलं. बघू दे.

मग मी उभी राहिले. एवढ्या वर्षांत साक्षीला पहिल्यांदा. मी म्हटलं, "कमल सांगते ते खरं हाय. यांनी मला कधी मारलं न्हाई. ही खूण उखळाची हाय. पास्टरसाहेब, हे चांगले हुते हो. लहानपणापासून प्रभूनं सांभाळलं, धंदा चालू हुता, बायको-लेकरू बरं हुतं. आमेन." आणि बसले. कुणीतरी हळूच हल्लेलुया म्हणालं.

पास्टर पेटीजवळ आले. तरुण आहेत, पण भले आहेत. त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना केली, "प्रभू, आमच्या भावानं न केलेली पापं आम्ही त्याच्या नावावर लावली, ती पुसून टाक. आणि जे एक केलं, त्याची क्षमा तू त्याला बसस्टँडवरच दिलीस, असा आमचा विश्वास आहे." त्यानंतर सगळ्यांनी माती दिली. शब्बीरभाईंनीही दिली.

तेव्हापासून मी विचार करतेय. तुम्हाला एक मोठं पाप हवं होतं, ज्यातून प्रभूने सोडवलं असं सांगता येईल. शेवटी ते तुम्हाला मिळालं, आणि ते कुठलं, तर ती साक्षच. आणि त्यातून त्याने तुम्हाला खरोखर सोडवलं. एवढी चांगली गोष्ट तुमच्याकडे होती, आणि ती तुम्ही कुणाला सांगितली नाहीत! मी समजत होते, सत्य माइकवरून सांगायचं असतं, सगळ्यांसमोर, कबूल-कबूल म्हणून. तुम्ही ते एका बाईच्या कानात, बसच्या घरघराटात सांगितलंत, आणि ते पुरलं. एक जीव वाचला. दोन वाचले. माझा धरला तर तीन.

चर्चमध्ये मात्र तुम्ही बोलला नाहीत, ते नाहीच बोललात. त्याची सूट मी देणार नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी भेटू तेव्हा आधी तो विषय काढणार आहे, तयारीत राहा. करुणाला तिच्या बापाबद्दल एवढी वर्षं जे वाटत राहिलं, त्याचंही बोलायचंय. पण रागाने नाही. तो आता कुठे शोधूनही सापडत नाही. काल कमलचा फोन आला होता, वैनी, जेवल्या का म्हणून. तिच्याशी बोलून फोन ठेवला आणि तुमच्या फोटोकडे पाहून मी हसले. त्या दिवशी निवलेल्या चहानंतर पहिल्यांदा, मध्ये कुणीही न येता.

तेवढ्यासाठी तुम्ही मला सांगितलं नाहीत, होय ना? एवढी वर्षं मी तुम्हाला वाईट समजावं, हे तुम्हाला चाललं. पण माझे ते तीन शब्द ऐकायला लागू नयेत! घ्या, ऐका आता, तोंड लपवायला मोटर नाही.

मी म्हणतच होते.